वखारीतल्या तंबाखूचे मोल: मेंगर यांचा व्यक्तिनिष्ठ विचार पुढे कुठवर गेला?

प्रश्न – निपाणीची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. मी निपाणीची आहे. पदवीपर्यंत अर्थशास्त्र इंग्रजी माध्यमातून शिकले आणि सध्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे; पण घरात वडिलांशी आणि काकांशी जी चर्चा होते ती मराठीत होते, म्हणून हा प्रश्नही मराठीतच मांडते. पारिभाषिक शब्द चुकले तर कृपया दुरुस्त करावेत.

आमच्या आजोबांची बिडी तंबाखूची वखार होती. मी लहान असताना ती पोत्यांनी भरलेली असे. दारातून आत पाऊल टाकले की घसा खवखवायचा, आणि आजी नाकाला पदर लावून बाहेरूनच हाक मारायची. आज वखार रिकामी आहे, वास मात्र भिंतींतून गेलेला नाही. गेल्या महिन्यात ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांचे १८७१ सालचे अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक भाषांतरात वाचायला घेतले आणि पहिल्याच प्रकरणातल्या एका उदाहरणापाशी थबकले. मेंगर म्हणतात, समजा लोकांची आवड बदलली आणि तंबाखूची गरज पूर्णपणे नाहीशी झाली, तर तयार तंबाखूबरोबरच कच्ची पाने, बियाणे आणि दुसऱ्या कशालाही न चालणारी अवजारे व यंत्रे, या सर्वांचे ‘वस्तू’पण एकदम संपेल, ज्यांचा दुसरा काही उपयोग आहे, उदाहरणार्थ जमीन, तेवढ्यांचे टिकेल. दूर व्हिएन्नातल्या एका माणसाने आमच्याच वखारीविषयी लिहून ठेवले आहे, असे मला वाटले.

माझा प्रश्न असा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात मेंगर दोन परिच्छेदांत संपतात. जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एकमेकांपासून स्वतंत्रपणे सीमांत उपयोगितेचा (म्हणजे वस्तूच्या आणखी एका नगापासून मिळणाऱ्या उपयोगाचा) सिद्धांत मांडला, एवढे सांगून पुस्तक मागणीच्या वक्राकडे वळते. मग मेंगर यांच्यापासून सुरू झालेल्या ऑस्ट्रियन परंपरेतले लोक ‘व्यक्तिनिष्ठता’ हा शब्द आपली खास ओळख असल्यासारखा का वापरतात? सीमांत उपयोगिता म्हणजेच व्यक्तिनिष्ठता असेल, तर ती आता सगळ्यांच्याच अर्थशास्त्रात आली आहे. ती त्याहून वेगळी असेल, तर मेंगर यांच्यानंतर तिच्यात कोणी आणि कशी भर घातली?

वडिलांची शंका वेगळी आहे आणि तीही मला टाळता येत नाही. ते विचारतात, “मोल ज्याच्या त्याच्या मनात असेल, तर बाजारात सगळ्यांना एकच दर कसा लागतो?”

उत्तर – येळ्ळूरचा निवृत्त प्राध्यापक

आपण योग्य ठिकाणी थांबलात. त्याच उताऱ्यात मेंगर हवाना आणि मनिला येथील, तंबाखूची प्रत पारखण्यात तरबेज असलेल्या दलालांचा उल्लेख करतात आणि सांगतात की ज्या पारखीला आज एवढा मोबदला मिळतो, ती पारखसुद्धा त्या दिवशी वस्तू राहणार नाही. या विधानाचा रोख फार मोठा आहे. त्यांच्या आधीच्या अभिजात अर्थशास्त्रात मोल उत्पादनाकडून वस्तूकडे येत असे: इतके कष्ट घातले, इतका खर्च झाला, म्हणून वस्तूला इतके मोल. मेंगर यांनी ही दिशाच उलटी केली. बिडी ओढणाऱ्याला बिडी हवी आहे म्हणून बिडीला मोल आहे, बिडीला मोल आहे म्हणून पानाला, पानाला आहे म्हणून शेंडे खुडणाऱ्या हाताला आणि वखारीच्या कोरड्या जमिनीला. ओढणारा थांबला की ही सगळी साखळी मुळाकडे उलटी कोसळत जाते, आणि त्या पानांत किती घाम मुरला आहे याने काही अडत नाही.

जेव्हन्स आणि वालरा यांच्यापासून मेंगर वेगळे पडतात ते येथे. त्या दोघांना गणिती समतोल (मागणी आणि पुरवठा जुळतात ती स्थिती) हवा होता. मेंगर यांच्या पुस्तकात समीकरणे नाहीत. त्यांना कारण आणि परिणाम यांची साखळी शोधायची होती, आणि ती साखळी माणसाच्या गरजेपाशी व त्या गरजेच्या जाणिवेपाशी जाऊन टेकते. तरुणपणी ते वृत्तपत्रात बाजाराविषयी लिहीत असत. दरांविषयी पुस्तके जे सांगतात आणि बाजारातली अनुभवी माणसे ज्या गोष्टींना निर्णायक मानतात, त्यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना त्या कामात जाणवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

एक गोष्ट शब्दाविषयी सांगायला हवी. मराठीत ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हटले की ‘मनाला येईल तसे’, ‘ज्याचे त्याचे मत’ असा अर्थ ऐकू येतो, आणि समीक्षेच्या भाषेत तर एखादे मत व्यक्तिनिष्ठ आहे म्हणजे ते फारसे गंभीरपणे घेऊ नये, असाच सूर असतो. मेंगर यांचा अर्थ तो नाही. मोल वस्तूच्या अंगात नसते. ती वस्तू हाताशी असण्यावर आपली कोणती गरज अवलंबून आहे, याची माणसाला झालेली जाणीव म्हणजे मोल. जाणीव चुकीची असू शकते आणि माणूस ती सुधारतोही. म्हणूनच वस्तूला वस्तूपण येण्यासाठी त्यांनी चार अटी घातल्या: गरज असणे, ती भागवण्याचा गुण वस्तूत असणे, तो गुण आहे हे माणसाला ठाऊक असणे, आणि वस्तू त्याच्या हाती येण्याजोगी असणे. तिसरी अट ज्ञानाची आहे. तिच्यातून पुढे काय निघाले ते येथील दुसरे सभासद सांगतील अशी आशा आहे.

मात्र मेंगर यांचा विचार पूर्णपणे व्यक्तिनिष्ठ नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगावे लागेल. गंडेदोरे, वशीकरणाची औषधे अशा गोष्टींना ते ‘काल्पनिक वस्तू’ म्हणून वेगळे काढतात, कारण त्यांच्या अंगी तो गुण नसतोच. वैद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. परंतु बाजारात गंडाही विकला जातो, त्याला दर येतो, आणि तो दर औषधाच्या दराप्रमाणेच लागतो. आवडीनिवडी खऱ्या की खोट्या हे अर्थशास्त्राने ठरवायचे नाही, असा काटेकोर पवित्रा पुढे याच परंपरेतल्या लुडविग फॉन मिझेस यांनी घेतला आणि या मुद्द्यावर मेंगर यांच्यावर टीकाही केली.

मेंगर यांच्यानंतर दोन नावे येतात. फ्रीडरिश फॉन वीझर यांनी १८८४ मध्ये ‘सीमांत उपयोगिता’ या अर्थाचा जर्मन शब्द रूढ केला; पण त्यांचे खरे योगदान खर्चाच्या कल्पनेत आहे. खर्च म्हणजे खिशातून गेलेले पैसे नव्हेत. तेच साधन दुसरीकडे वापरले असते तर जे मिळाले असते आणि आता मिळणार नाही, तो खर्च. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तंबाखू लावला म्हणजे त्या रानात सोयाबीन झाले नाही, आणि त्या सोयाबीनची आशा हाच तंबाखूचा खर्च. अभिजात मंडळींचा जो बालेकिल्ला होता, तो खर्चच वीझर यांनी उपयोगितेच्या बाजूला आणून बसवला.

दुसरे ऑयगेन फॉन ब्योम-बावेर्क. आपल्या वडिलांच्या शंकेचे उत्तर त्यांच्याकडे आहे. त्यांनी घोड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते. मी ते चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेतल्या बैलांवर बेतून सांगतो. समजा, सारख्या प्रतीच्या बैलजोड्या विकायला पाच जण उभे आहेत आणि पाच जणांना घ्यायच्या आहेत. घेणाऱ्यांची मनातली वरची मर्यादा अनुक्रमे ९५, ८८, ८०, ७७ आणि ६५ हजार रुपये आहे. विकणाऱ्यांची खालची मर्यादा ६०, ६८, ७५, ७९ आणि ९० हजार आहे. यांतला एकही आकडा कोणी बोलून दाखवत नाही. पूर्वी तर रुमालाखाली बोटे दाबूनच सौदा होत असे. तीनच जोड्या विकल्या जातील, कारण चौथा घेणारा ७७ च्या वर जायला तयार नाही आणि चौथा विकणारा ७९ च्या खाली यायला तयार नाही. आता दर पाहा. तो ७७ च्या खाली राहिला तर चौथा घेणाराही बोली लावत राहील; ७९ च्या वर गेला तर चौथा विकणाराही जोडी पुढे आणेल. म्हणून दर ७७ आणि ७९ यांच्या मध्ये येऊन थांबतो. दहा माणसांच्या मनात दहा आकडे आहेत, तरी दर जवळपास एकच निघाला. ज्याने ९५ ची तयारी ठेवली होती त्यालाही ७८ च्या आसपासच मोजावे लागले. मोल मनातले असते आणि दर बाजारातला असतो. त्या मनांच्या टकरीतून दर निघतो, म्हणून तो कोणा एकाच्या मनासारखा नसतो.

व्याजाच्या बाबतीत मात्र ब्योम-बावेर्क घसरले, असे माझे मत आहे. आजची वस्तू उद्याच्या वस्तूपेक्षा माणसाला अधिक मोलाची का वाटते, याची त्यांनी तीन कारणे दिली. त्यांपैकी पहिली दोन माणसाच्या परिस्थितीतून आणि स्वभावातून येतात. तिसरे कारण मात्र उत्पादनाच्या लांब वळणाच्या पद्धती (आधी अवजारे घडवायची आणि मग त्यांनी वस्तू बनवायची) अधिक उत्पादक असतात, या तांत्रिक गोष्टीवर उभे आहे. दारातून बाहेर घालवलेला वस्तूनिष्ठ विचार अशा रीतीने खिडकीतून परत आला. मेंगर यांना हा सिद्धांत मोठी चूक वाटत होता, असे अर्थशास्त्रज्ञ शुम्पेटर यांनी लिहून ठेवले आहे.

उत्तर – चिकोडीचा शेतकरी

प्राध्यापक साहेबांनी फार सोपे करून सांगितले, त्याबद्दल आभार. तरीही माझ्या मनात जे आहे ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

१९८१ साली निपाणीला तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन झाले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. आमचे वडील त्या रस्त्यावर होते. शेतकरी संघटनेची मूळ मागणी उत्पादन खर्चावर आधारित भावाची होती. आता आपण म्हणता की खर्चाने दर ठरत नाही, घेणाऱ्याच्या गरजेने ठरतो. मग आमचे वडील चुकीच्या गोष्टीसाठी तेथे बसले होते काय?

व्यक्तिनिष्ठ मोल म्हणजे काय ते मी पाहिले आहे. माल घरात पडलेला, घेणारा एक व्यापारी आलेला. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर चुरा तळहातावर पसरायचा, फुंकर मारायचा, नाकाशी न्यायचा आणि काही न बोलता दुसऱ्या पोत्याकडे वळायचा. वडील त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे असायचे. शेवटी तो जी प्रत सांगेल ती प्रत, आणि जो दर सांगेल तो दर. त्याचीच उचल आम्ही पावसाळ्यात घेतलेली असे, त्यामुळे माल दुसऱ्याला दाखवायची सोय नव्हती. पारख त्याच्या मनात आणि कर्ज आमच्या डोक्यावर. येथे दोन मनांची बरोबरीची टक्कर कोठे होती? यात्रेच्या बाजारात पाच घेणारे असतात म्हणून आपले गणित बसते. घेणारा एकच असला तर ते गणित काय सांगते, याचे उत्तर कृपया द्यावे.

उत्तर – खानापूरची अध्यापिका

अण्णा, आपल्या वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर याच परंपरेत सापडते असे मला वाटते.

घेणारा एकच असेल, तर ब्योम-बावेर्क यांची रीत सांगते की दर कोठेही पडू शकतो: वरची मर्यादा त्या व्यापाऱ्याची, खालची विकणाऱ्याची. आणि विकणाऱ्याची खालची मर्यादा कशाने ठरते? माल न विकला तर त्याच्या हाती काय उरते, याने. माल खराब होणारा, कर्ज डोक्यावर, दुसरा घेणारा नाही, म्हणजे ती मर्यादा जवळजवळ तळाला. शेतात घातलेला खर्च तेथे त्याचे रक्षण करू शकत नाही, कारण तो होऊन गेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स बुकॅनन यांनी १९६९ मध्ये खर्च आणि निवड या विषयावर लहानसे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी वीझर यांच्या कल्पनेचा धागा शेवटापर्यंत नेला: खर्च हा निवडीच्या क्षणी, निवडणाऱ्याच्या मनात असतो, निवड झाली की तो संपतो, आणि मागे राहतात ते हिशेबाच्या वहीतले आकडे. तंबाखू लावायचा की नाही हे जून महिन्यात ठरवताना खर्च जिवंत असतो. पोते व्यापाऱ्यापुढे उघडले तेव्हा तो मेलेला असतो. म्हणून मला असे वाटते की त्या आंदोलनाचे खरे बळ खर्चाच्या आकड्यात नव्हते. शेतकरी एकत्र आले आणि माल अडवला, त्यामुळे खालची मर्यादा वर सरकली, यात होते. रास्त दर कोणता हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मात्र दर कसा पडतो हे सांगणारा सिद्धांत त्याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि तो ते देतो असा दावाही करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. प्राध्यापक सरांनी ज्ञानाची अट आमच्यासाठी राखून ठेवली, म्हणून तेथूनच सुरुवात करते. पण आधी लुडविग फॉन मिझेस यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. १९१२ च्या पैशावरील ग्रंथात त्यांनी दोन कामे केली. पहिले म्हणजे, उपयोगिता मोजता येत नाही, तिचा फक्त क्रम लावता येतो, हे त्यांनी चेक वंशाचे लेखक फ्रान्झ चुहेल यांच्या १९०७ च्या लिखाणाच्या आधाराने ठामपणे सांगितले. तहानलेल्याला पहिला तांब्या दुसऱ्यापेक्षा अधिक हवा असतो. ‘तिप्पट हवा असतो’ या वाक्याला अर्थ नाही. दुसरे म्हणजे, व्यक्तिनिष्ठ मूल्याचा विचार त्यांनी पैशापर्यंत नेला. पैसा हवा असतो तो त्याने काही विकत घेता येते म्हणून, आणि त्याने काय घेता येते हे तो किती हवा आहे यावर अवलंबून. म्हणजे मांजर आपलेच शेपूट धरू पाहते. मिझेस यांनी हे वर्तुळ काळाच्या मदतीने सोडवले: आज पैशाला माणूस जे मोल देतो ते कालच्या खरेदीशक्तीच्या अनुभवावरून, काल त्याआधीच्या दिवसाच्या अनुभवावरून, आणि असे मागे मागे जात आपण त्या दिवसापर्यंत पोहोचतो जेव्हा तो पदार्थ पैसा नव्हता, केवळ एक वस्तू होता. १९२० च्या लेखात त्यांनी यातून एक कठोर निष्कर्ष काढला. उत्पादनाच्या साधनांची खरेदी-विक्रीच होत नसेल तर त्यांना दर नसतील, आणि दर नसतील तर कोणते साधन कोठे लावावे याचा हिशेब नियोजकाला करताच येणार नाही.

याच परंपरेतले पुढचे अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांच्याकडे आल्यावर विचाराचा पोत बदलतो, आणि माझ्या मते हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत समृद्ध भाग आहे. १९३७ च्या ‘अर्थशास्त्र आणि ज्ञान’ या निबंधात त्यांनी विचारले की समतोल म्हणजे नेमके काय. एका माणसाच्या बाबतीत ते सोपे आहे. पण अनेक माणसांच्या बाबतीत समतोल म्हणजे त्यांच्या योजना एकमेकींशी जुळणे, आणि त्या जुळायच्या तर प्रत्येकाला इतरांविषयी काही ठाऊक असायला हवे. ते त्याला कसे कळते? म्हणजे आता आवडीबरोबर माहितीही ज्याची त्याची झाली. १९४५ च्या लेखात कथिलाचे उदाहरण आहे: जगात कोठेतरी कथिलाचा नवा उपयोग निघाला किंवा एखादी खाण बंद पडली, वापरणाऱ्यांना कारण कळण्याची गरज नाही, दर चढल्यामुळे ते आपोआप जपून वापरू लागतात.

मला हे आमच्या रताळ्यांवरून उमगले. महाशिवरात्रीच्या आधी बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्यांची पोती येऊ लागतात. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी अर्धा गुंठा रताळी जमिनीतच राखून ठेवतात. वेल पिवळा पडला, शेजारणी काढून मोकळ्या झाल्या, तरी त्या थांबतात. वाफ्यातली माती हाताने उकरून एखादे रताळे बघतात, बोटाने दाबतात, परत माती सारतात. परगावी उपवास करणारी माणसे किती, ट्रक किती लागले, यातले त्यांना काहीही ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ते एवढेच की आपल्या वाफ्यातले रताळे अजून किती दिवस किडीवाचून राहील, आणि काल यार्डात काय दर होता. पहिली माहिती जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. दुसरी हजारो माणसांच्या माहितीचे सार आहे. ‘विशिष्ट काळाच्या आणि स्थळाच्या परिस्थितीचे ज्ञान’ असे हायेक ज्याला म्हणतात, ते म्हणजे त्या काकूंचे मातीत घातलेले बोट.

यापुढचे पाऊल लुडविग लाखमान यांचे. बर्लिनमध्ये जन्मलेले लाखमान लंडनला हायेक यांच्याकडे शिकले आणि नंतर जोहान्सबर्गला शिकवू लागले. त्यांचे म्हणणे असे की आवड व्यक्तिनिष्ठ, माहिती व्यक्तिनिष्ठ, तर अपेक्षाही व्यक्तिनिष्ठच मानायला हव्यात. एकाच दरावरून दोन माणसे दोन भविष्ये वाचतात. काकू थांबल्या आणि शेजारणीने काढून विकले, यात कोणाचीही चूक नाही. उद्याची कल्पना करता येते, पण उद्या जाणता येत नाही. येथे मात्र परंपरेत फूट पडते. इझ्राएल कर्झनर यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात मांडले की सावध उद्योजक इतरांच्या नजरेतून सुटलेली दरांतली तफावत हेरतो, आणि त्यामुळे बाजार समतोलाकडे सरकत राहतो. लाखमान विचारतात की उद्योजकाने जी तफावत पाहिली ती खरोखर होती, की त्यालाच तशी वाटली? उद्या ज्याची त्याची कल्पना असेल, तर बाजार कोठल्यातरी ठरलेल्या जागेकडे सरकतो असे कशाच्या आधारावर म्हणायचे? इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ जी. एल. एस. शॅकल यांच्या विचारांचा लाखमान यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि या मुद्द्यावर तो स्पष्ट दिसतो. मी स्वतः लाखमान यांच्याकडे झुकते. प्राध्यापक सरांचे मत कदाचित वेगळे असेल.

निपाणीची विद्यार्थिनी

सर, मॅडम आणि अण्णा, तिघांचेही मनापासून आभार. बैलजोड्यांचे उदाहरण वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी ७७ आणि ७९ हे आकडे कागदावर लिहून दोनदा पडताळले आणि मग म्हणाले, “म्हणजे ज्याला मिळाले नाही त्याच्यामुळे दर ठरला.” मला ही गोष्ट लक्षात आली नव्हती.

एक शेवटची शंका आहे. लाखमान यांनी भांडवलाविषयीही लिहिले आहे असे वाचले. आमची वखार भाड्याने देण्याचा विचार घरी चालू आहे: काका म्हणतात सोयाबीन साठवायला द्यावी, भाऊ म्हणतो पत्रे बदलून मंगल कार्यालय करावे. मेंगर यांच्या हिशेबाने तंबाखू गेला की वखारीचे वस्तूपण गेले, की राहिले?

येळ्ळूरचा निवृत्त प्राध्यापक

राहिले, मेंगर यांनी दुसरा उपयोग असणारी साधने वगळली आहेत ती यासाठीच. पण आपल्या काकांच्या आणि भावाच्या वादात लाखमान यांचे १९५६ चे भांडवलरचनेवरचे पुस्तक अधिक उपयोगी पडेल. भांडवल म्हणजे एकजिनसी, वजन करता येणारा साठा नव्हे, असे ते मांडतात. त्यात वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना पूरक होऊन एखाद्या योजनेत बसवलेल्या असतात. योजना फसली की त्या सुट्या होतात आणि दुसऱ्या कोणाच्या योजनेत नव्या जोडीने बसतात. भिंती त्याच आहेत. काकांच्या योजनेत त्या भिंतींना ट्रक वळेल एवढे अंगण आणि कोरडी फरशी पूरक आहे. भावाच्या योजनेत पाण्याची टाकी, स्वयंपाकाची जागा आणि बसस्थानकापासूनचे अंतर. वखारीत भांडवल किती, हा प्रश्न या दोन योजनांपैकी एक धरल्याशिवाय विचारताच येत नाही.

अध्यापिका बाईंशी माझा मतभेद आहे, तोही नोंदवून ठेवतो. अपेक्षा ज्याच्या त्याच्या असतात हे मान्य. पण चुकीच्या अपेक्षेला तोटा होतो, आणि तोटा हा मनातला नसतो, तो वहीत दिसतो. दोन-तीन हंगाम तोटा सोसलेला माणूस एक तर शिकतो किंवा त्या धंद्यातून बाहेर पडतो. या चाळणीमुळे बाजाराला काहीएक दिशा राहते, आणि म्हणून मला कर्झनर अधिक पटतात. यावर बाई नक्कीच म्हणतील की चाळणी कालच्या अपेक्षांना लागते, उद्याच्या नव्हे. त्या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

वाचनाचा क्रम विचारलात तर मेंगर यांची पहिली तीन प्रकरणे, मग हायेक यांचे १९३७ आणि १९४५ चे दोन्ही लेख याच क्रमाने, आणि त्यानंतर लाखमान. आणि वखारीचे जे काही ठरेल ते येथे अवश्य कळवावे. मंगल कार्यालय करायचे ठरले, तर भिंतींतला तंबाखूचा वास घालवायला किती खर्च येईल, हे भावाने आधी एखाद्या गवंड्याला विचारून घ्यावे.